प्रकाशखड्गाच्या सात पद्धती

शस्त्रविद्या म्हटली की आधी शस्त्र, मग त्याचा उपयोग आणि सर्वांत शेवटी त्याचे शास्त्र, असा क्रम आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात ज्या विद्येचा विचार करावयाचा आहे, तिचे शस्त्र मात्र जगात कोठेच नाही. आणि तरीही तिला शास्त्र आहे, त्यात सात पद्धती आहेत, व प्रत्येकीचे गुणदोष सांगणारे जाणकारही आहेत. जॉर्ज लुकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेतील ‘लाइटसेबर’ हे ते शस्त्र. आम्ही त्यास प्रकाशखड्ग म्हणू. आमच्या विद्यार्थिमित्रांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. मधल्या सुट्टीत फूटपट्ट्या परजून, तोंडाने गुणगुणाट करीत चाललेली द्वंद्वे आमच्या दृष्टीस पडतातच. (तो गुणगुणाट बेन बर्ट या ध्वनियोजकाने चित्रपट दाखविण्याच्या जुन्या यंत्राची घरघर आणि दूरचित्रवाणी संचाचा गुंजारव एकत्र करून निर्माण केला, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

पदार्थविज्ञानाची आडकाठी प्रथम दूर करू. प्रकाशकिरण हातभर अंतरावर आपण होऊन थांबत नाही, आणि दोन किरण एकमेकांवर आपटत नाहीत. ते एकमेकांतून सरळ निघून जातात. 2013 साली हार्वर्ड व एम. आय. टी. येथील शास्त्रज्ञांनी अतिशीत रुबिडियम वायूतून प्रकाशकण सोडून ते परस्परांशी जखडले जातात असे दाखविले, तेव्हा अनेकांना या खड्गाची आठवण झाली. पण त्या प्रयोगातून मुठीत धरण्याजोगे काही निघाले नाही. तेव्हा खड्ग काल्पनिक आहे हे मान्य करून पुढे जाणेच श्रेयस्कर.

1977 च्या पहिल्या चित्रपटातील द्वंद्व आज पाहिले तर ते संथ वाटते. वृद्ध ओबी-वान केनोबी आणि काळ्या मुखवट्यातील डार्थ व्हेडर एकमेकांभोवती सावधपणे फिरतात, दोन हातांनी खड्ग धरतात, मोजके वार करतात. यामागे कोणतीही ‘पद्धती’ नव्हती. ओबी-वानची भूमिका करणारे अ‍ॅलेक गिनेस साठी ओलांडलेले होते, व्हेडरच्या मुखवट्यातून धड दिसत नव्हते, आणि खड्ग म्हणून हाती दिलेल्या कांड्या जोराने आपटल्या की मोडत. पुढे 1980 व 1983 च्या चित्रपटांत व्हेडरची द्वंद्वे बॉब अँडरसन यांनी केली. हे गृहस्थ 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनतर्फे तलवारबाजीत उतरलेले. त्यांच्या पदन्यासात जाणत्याचा कसलेला हात तत्काळ दिसतो. 1999 पासूनच्या तीन चित्रपटांत निक गिलार्ड यांनी द्वंद्वांची आखणी केली, आणि चिनी युद्धकलेत तयार झालेल्या रे पार्क यांनी दुधारी दंडासारखे खड्ग फिरवून वेगाची नवी परंपरा घातली.

आणि मग, 2002 साली, म्हणजे पहिल्या चित्रपटानंतर पंचवीस वर्षांनी, या मालिकेला वाहिलेल्या एका नियतकालिकात या सर्व हालचालींचे सात पद्धतींत वर्गीकरण प्रसिद्ध झाले. तिची नावे कादंबऱ्यांतून आणि संगणकावरील खेळांतून रूढ झाली. लोक आधी बोलतात आणि वैयाकरण मागाहून येतो, तद्वत् हे झाले. मात्र वैयाकरणाची परीक्षा एकच: त्याच्या नियमाने बोलणाराचे मन अधिक कळले पाहिजे. नुसती नावे ठेवणे हे व्याकरण नव्हे.

या कसोटीवर सातही पद्धती सारख्या उतरत नाहीत. पहिली शी-चो ही मुळाक्षरांसारखी. वार कोठे करावा आणि कसा अडवावा एवढे ती शिकविते. सहावी निमान सर्व पद्धतींतले थोडे थोडे घेते, आणि शांतिकाळातील वकिली करणाऱ्या जेडायांना ती पुरते. (जेडाय म्हणजे या कथेतील योद्ध्यांचा व्रतस्थ संप्रदाय.) तिच्याविषयी अधिक लिहावे असे आम्हांस वाटत नाही.

दुसरी मकाशी ही खड्गाविरुद्ध खड्ग अशा लढतीसाठी घडलेली: मनगटाचे सूक्ष्म वळण, नेमका वार, शक्तीचा अपव्यय नाही. काउंट डूकू तिचा आचार्य. त्याच्या खड्गाची मूठही त्यासाठी वाकडी केलेली. (ही भूमिका करणारे क्रिस्टोफर ली ऐंशीच्या घरात होते. वेगाच्या हालचाली दुसऱ्याने केल्या आणि त्यावर लींचा चेहरा बसविण्यात आला.) परंतु समोरचा माणूस निव्वळ बळाने घाव घालू लागला की हे सौंदर्य तग धरीत नाही. अनाकिन स्कायवॉकरची पाचवी पद्धती, जेम सो, नेमकी तशी आहे. अडविलेल्या प्रत्येक वारातून ती प्रतिवार उभा करते व प्रतिपक्ष्यास रेटीत नेते. 2005 च्या चित्रपटात डूकूचे दोन्ही हात तुटतात ते या रेट्याने. चौथी अटारू उड्या व गिरक्या यांची. ठेंगण्या, वयोवृद्ध योडाला तिने उंची दिली. पण अरुंद जागेत आणि लांबलेल्या लढतीत ती दम तोडते. क्वाय-गॉन जिन पडला तो असाच.

आपल्या गुरूला पडताना पाहून ओबी-वानने अटारू सोडली आणि तिसरी, सोरेसू, धरली. बंदुकीसारख्या शस्त्रांपासून बचाव करण्यासाठी ती जन्मलेली. खड्ग अंगाजवळ, हालचाल थोडी, वार क्वचित. शत्रू दमेपर्यंत, किंवा त्याच्या हातून घाई होईपर्यंत, थांबणे हाच तिचा डाव. आमच्या मते सातांतील ही सर्वांत खोल पद्धती होय. मात्र पडद्यावर तिची चमक दिसत नाही, म्हणून मुले तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मॅथ्यू स्टोव्हर यांनी 2005 च्या चित्रपटावर लिहिलेल्या कादंबरीत मेस विंडू हा जेडाय याविषयी बोलतो. त्याने स्वतःच्या अंतरीचा क्रोध ताब्यात ठेवून वापरणारी सातव्या पद्धतीची वापाड ही शाखा निर्मिली आहे. आपली पद्धती आपल्या दुर्बलतेचे उत्तर आहे, योडाचीही तशीच, असे तो सांगतो. आणि ओबी-वानला विचारतो की तुझी सोरेसू कोणत्या दुर्बलतेचे उत्तर? ओबी-वानने त्याचा कधी विचारच केलेला नसतो.

याच चित्रपटाच्या शेवटी लाव्हाच्या नदीकाठी गुरू आणि शिष्य समोरासमोर येतात. ओबी-वान उंचावर उभा राहतो व अनाकिनला उडी न मारण्याविषयी बजावतो. अनाकिनला थांबता आले असते. पण ज्याने प्रत्येक प्रसंगी पुढेच रेटण्याचे शिक्षण घेतले, त्याला थांबणे ही हार वाटते. तो उडी घेतो. ओबी-वानचे खड्ग एकदाच फिरते, आणि अनाकिनचे दोन्ही पाय व एक हात जातो. पद्धतींचे वर्गीकरण मागाहून आलेले असले, तरी या एका क्षणी ते माणसाच्या स्वभावापर्यंत पोचते, आणि म्हणून आम्ही त्यास व्याकरण म्हणावयास तयार आहोत.

या कल्पनेला अलीकडे एक खराखुरा आखाडाही लाभला आहे. 2019 साली फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने प्रकाशखड्गाच्या द्वंद्वाला स्पर्धेचा दर्जा दिला. पाती उजळणाऱ्या पॉलिकार्बोनेटची. मस्तक वा धड यांस स्पर्श झाल्यास पाच गुण, हात किंवा पाय यांस तीन, पंजास एक. त्यात एक नियम असा आहे की वार करण्यापूर्वी पात्याचे टोक खेळाडूच्या पाठीमागे गेले पाहिजे. मनगटाच्या झटक्याने केलेला झटपट वार हा तलवारबाजीत सर्वांत किफायतशीर. परंतु तो प्रेक्षकांना दिसत नाही, म्हणून येथे तो बाद. डूकूची मकाशी या आखाड्यात पंचांनी फारशी चालू दिली नसती.