बोनस दिवाळीला, नाताळ डिसेंबरात

अगं, नाताळ जवळ आला की तू गप्प गप्प होतेस, हे माझ्या केव्हाच लक्षात आलंय. घराचा हप्ता, मुलांची फी, सासूबाईंची औषधं, आणि त्यावर चारचौघांत शोभेल असा सण. पैशाचं बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, सणाच्या पैशाचं बोलायला तर फारच. म्हणून आज मीच बोलते. तू फक्त ऐक.

सगळ्यात आधी मनातून एक काढून टाक, की आपल्याला घर चालवता येत नाही. आपली ओढाताण कॅलेंडरमुळेही होते. पनवेल, तळोजा, कळंबोली या सगळ्या पट्ट्यात बोनस मिळतो तो दिवाळीच्या तोंडावर. कायद्याने तो आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत द्यायचा असतो, किमान ८.३३ टक्के. ज्यांचा सण दिवाळी, त्यांच्या हातात तो अगदी वेळेवर पडतो. आपला सण त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी येतो. तोवर दिवाळीचे सेल, मुलांचे हट्ट, राहिलेली देणी यांत तो पैसा कुठे गेला ते कळतही नाही, आणि डिसेंबरच्या पगारावर अख्खा नाताळ येऊन पडतो. एका पगारात दोन महिन्यांचा खर्च बसवायला गेलं की कुणाचाही जीव मेटाकुटीला येणारच.

म्हणून बोनस खात्यात जमा झाला की त्याच दिवशी नाताळचा हिस्सा बाजूला काढायचा. पोस्टातलं खातं असो, बँकेतलं दुसरं खातं असो, फक्त ते मोबाइलवरच्या पैसे देण्याच्या अ‍ॅपला जोडलेलं नको. बिल्डिंगमध्ये भिशी असेल तर सुरुवातीलाच सांगून ठेव, की डिसेंबरची उचल मला द्या. बाकीच्या बहुतेक जणींना गणपती-दिवाळीच्या आधीची हवी असते, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. घरात कुणी राज्य सरकारच्या नोकरीत असेल तर सण अग्रिम नाताळसाठीही मागता येतो. तो बिनव्याजी असतो आणि पगारातून हप्त्याहप्त्याने कापला जातो. कित्येकजण तो दिवाळीलाच उचलतात आणि मग डिसेंबरात उसनवारी करतात. उसनवारीबद्दल माझं मत कडक आहे. सणासाठी कर्ज काढायचं नाही. पाच मिनिटांत पैसे देणारी अ‍ॅप तर मोबाइलमधून काढूनच टाक. केक चार दिवसांत संपतो आणि त्याचा हप्ता पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालतो, हे मी जवळच्या घरांत पाहिलंय.

आता जे सांगते ते पैशाचं नाही, पण त्यावाचून पैशाचं गणित जमत नाही. लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात जातात तो भाग पुन्हा एकदा सावकाश वाच. लेवीय पुस्तकात नियम आहे, की बाळंतपणानंतर आईने कोकरू अर्पण करावं. ऐपत नसेल तर दोन होले किंवा कबुतरांची दोन पिल्लं आणावीत. मरियेच्या अर्पणाबद्दल लिहिताना लूक पक्ष्यांचीच जोडी सांगतो. म्हणजे ज्या घरातल्या जन्माचा हा सण, ते घर कोकरू न परवडणारं होतं. त्यांनी त्यासाठी कुणाकडून उसनं आणलं नाही, मंदिरात जायचंही टाळलं नाही. जे जमत होतं ते घेऊन गेले. तुझ्याकडे कोकराची ऐपत नसेल तर तू या सणाला कुठेही कमी पडत नाहीस. चर्चमध्ये नाताळच्या दानाचं पाकीट येतं तेव्हाही हे आठव. शेजारच्या बाकावरच्या पाकिटात किती आहे ते आपण बघायचं नाही.

खरा ताण येतो तो ताटाचा. खोटं नाही सांगत, नवीन पनवेलच्या सिडकोच्या इमारतींमध्ये दिवाळीत आपल्या घरी सहा-सात ताटं येतात. चकली, चिवडा, अनारसे, बेसनाचे लाडू, वर विणलेला रुमाल. त्या ताटांची परतफेड नाताळात करायची असते, आणि बायका मनातल्या मनात मोजायला लागतात. त्यांनी पाच जिन्नस दिले, आपण सात द्यायला हवेत. हे मोजणं सोडून दे. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या पिढ्यान्‌पिढ्या होत आल्यात. तुझ्या शेजारणींना मात्र तुझ्या हातचं ते हवं असतं जे त्यांच्याकडे होत नाही. ते म्हणजे कुलकुल आणि केकचा तुकडा.

कुलकुलसारखा स्वस्त आणि भरघोस पदार्थ मला दुसरा माहीत नाही. अर्धा किलो मैदा, दोन चमचे तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, चवीपुरती पिठीसाखर, आणि भिजवायला नारळाचं दूध. एका नारळात काम होतं. पीठ घट्ट मळून तासभर झाकून ठेवायचं, बोराएवढ्या गोळ्या करायच्या आणि काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायच्या. मंद आचेवर तळायच्या, नाहीतर आतून कच्च्या राहतात. हे काम एकटीने करू नकोस. मुलांना बसव, नवऱ्याला बसव, सासूबाईंच्या पुढ्यात परात ठेव. सगळे मिळून गप्पा मारत गुंडाळतात ती संध्याकाळ मुलांच्या लक्षात राहते, दुकानातून आणलेला डबा राहत नाही. कुलकुल, शंकरपाळे, चार करंज्या आणि केकची एक फोड, बस, ताट पुरेसं भरतं. अनारसे, बेबिंका, मार्झिपान, सगळं एकाच वर्षी करायचं नाही.

केकचंही तसंच. काजू-बदाम-अक्रोड यांच्या भावाने घाबरून जाऊ नकोस. काळ्या मनुका, खजूर, संत्र्याची साल आणि थोडी टुटीफ्रूटी नोव्हेंबरातच संत्र्याच्या रसात मुरवून फ्रिजमध्ये ठेव, सुंदर चव येते. सुका मेवा दर पगाराला शंभर-दीडशे ग्रॅम असा घेत गेलीस तर डिसेंबरात एकदम बोजा पडत नाही. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये मीठ पसरून, झाकणाची रिंग आणि शिटी काढून केक होतो. नाहीतर ओळखीच्या बेकरीवाल्याला विचार. नानकटाई जशी भट्टीत भाजून आणतो, तसे केकचे डबेही कित्येक ठिकाणी थोड्या पैशांत भाजून मिळतात. मंडळीतल्या चौघी-पाचजणींनी मिळून मैदा-साखर-लोणी घाऊक आणून वाटून घेतलं तर आणखी सोपं. महिला मंडळाच्या डिसेंबरच्या पहिल्या सभेत हा विषय तूच काढ. तुझ्यासारख्याच आणखी तिघी गप्प बसलेल्या असतील.

जेवणाचं म्हणशील तर नाताळच्या दिवशी मटणाचा भाव काय असतो ते तुला माहीत आहे. पण आपण रायगडात राहतो, आणि इथे थंडीत पोपटी होते. पंचवीसला साधं कोंबडीचं जेवण कर आणि सव्वीसला पोपटी लाव. ओळखीच्या कुणाचं शेत, अंगण, गावाकडचं परसू असेल तिथे जायचं, इमारतीच्या आवारात जाळ करायचा नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, खडे मीठ, ओवा, बटाटे, रताळी, अंडी, आणि जमलं तर मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, सुका पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही की तेलाचा नाही. अर्धा-पाऊण तास झाला की मडक्यावर पाण्याचे हबके मारायचे, चर्र झालं आणि पाणी लगेच उडालं की समजायचं झालं. शेंगांचा खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा, पण डिसेंबरअखेरीला पनवेलच्या बाजारात त्या दिसायला लागतात. तेव्हा महाग वाटल्या तर थोड्या घे आणि बटाटे-अंडी वाढव. पंधरा माणसं पोटभर जेवतात, आणि पाहुण्यांना हॉटेलात नेण्याचा प्रश्नच उरत नाही.

सजावटीवर मी जास्त बोलत नाही, कारण ती फुकटात होते. दिवाळीनंतर आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा स्वस्त होतात, तेव्हाच घेऊन ठेव. मुलं मोठी असतील तर बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद आणून चांदणी करायला दे. गोठ्यासाठी बारा-तेरा तारखेला पसरट ताटलीत माती घालून रात्रभर भिजवलेले गहू पेर. पंचवीसपर्यंत हिरवागार गवताचा गालिचा तयार होतो. गोव्यात कित्येक घरी त्यासाठी नाचणी पेरतात. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्यो गावात गव्हाणीचा देखावा उभा केला, तेव्हा त्याने गवत, बैल आणि गाढव एवढंच जमवलं होतं. प्लास्टिकचं झाड दरवर्षी उंच होत जायला हवं असं कुणीही सांगितलेलं नाही.

आणि गाणी. नारायण वामन टिळकांनी आपल्याला मराठी चालींवरची, पेटी-टाळावर म्हणता येतील अशी शेकडो भजनं दिली, ती ‘उपासना संगीत’मध्ये आहेत. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही आणि घर चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काय तारांबळ व्हायची, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलीस तर कळेल. वाच, तुला त्यांच्यात स्वतःची मोठी बहीण सापडेल. कॅरल पार्टी घरी येते तेव्हा चहा आणि कुलकुल दे, मन लावून गा. मागच्या घरी सामोसे होते म्हणून तू वडे तळत बसू नकोस.

मुलांचं मात्र नाजूक आहे. शाळेत सांता येतो, मॉलमध्ये सांता असतो, आणि वर्गातल्या कुणाला तरी सायकल मिळालेली असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला किंमत कळत नाही, त्याला उशाशी काहीतरी सापडायला हवं असतं. रंगपेटी, चेंडू, गोष्टीचं पुस्तक चालतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाशी मात्र सरळ बोल. यंदा कपड्यांना आणि भेटींना मिळून इतके रुपये आहेत, त्यात तुला काय महत्त्वाचं वाटतं ते तू ठरव, असं सांग. मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा समंजस असतात, लपवाछपवीने ती घाबरतात. दीर-नणंदा-भाचरं मिळून मोठं कुटुंब असेल तर चिठ्ठ्या टाका. ज्याच्या वाट्याला जो येईल त्याने त्या एकालाच भेट द्यायची, आणि रकमेची मर्यादा आधी ठरवायची. ही सूचना तू धाकटी म्हणून करायला बिचकशील, तर थोरल्या जावेला विश्वासात घे. तिलाही बहुधा हायसं वाटेल.

गावी जायचं असेल तर त्याचा विचार आधी करायचा, उरलेल्या पैशांत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे चोवीस डिसेंबरचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काढायचं. कोकणात, गोव्यात जाणाऱ्यांसाठी पनवेल स्टेशन दाराशी आहे, पण त्या दिवसांत उशीर केला तर दुप्पट-तिप्पट पैसे देऊन खासगी बस धरावी लागते. नगरकडे जाणार असाल तर एसटी बघ. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट आहे. तू, दोन्ही मुली आणि सासूबाई असा हिशेब करून बघ, फरक हजाराच्या घरात जातो. आणि जाणं खरंच परवडत नसेल तर आईला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच फोन करून सांग, की आई, यंदा येत नाही, मे महिन्यात येते. शेवटच्या दिवशी आजारपणाचं निमित्त सांगू नकोस. आयांना खरं कारण कळलेलं असतंच, आणि मग त्या उगाच स्वतःच्या पेन्शनमधून पैसे पाठवतात.

कपड्यांपुरतं एकच सांगते. नाताळच्या उपासनेला मुलांना नवे कपडे घ्यायचे असतील तर घे, आपल्यात ती हौस जुनी आहे. तुम्ही दोघांनी मात्र घेतलेच पाहिजेत असं नाही. आईची जुनी नारायण पेठ इस्त्री करून नेसलीस तर तुला विचारायला येणाऱ्या बायकाच जास्त असतील.

एवढं सगळं सांगितलं, पण नवऱ्याला न सांगता तू एकटीने यातलं काही करायला जाऊ नकोस. काटकसर एकटीने केली की ती राग बनून बाहेर येते, आणि नेमकी चोवीसच्या रात्री येते. येत्या रविवारी उपासनेहून आलात की जेवणानंतर वही घेऊन दोघं बसा. वरती एकच आकडा लिहा, यंदा एवढेच. त्याखाली आधी प्रवास, मग दान, मग फराळ, मग मुलं. शेवटी एक ओळ अशा कुणासाठी ठेवा जिच्या घरी यंदा कुणी येणार नाही. तुझ्याच मजल्यावर अशी एखादी असेल, तिला पोपटीला घेऊन जा. आणि वही लिहून झाली की मला फोन कर, आकडा कितीही लहान असला तरी.