समितीपुढे बोलायला जाशील तेव्हा

अगं, वेस्टमिन्स्टरहून, संसदेच्या आरोग्य समितीचं बोलावणं आलंय, तर आधी मनातलं कोर्ट काढून टाक. नालाच्या आकारात मांडलेल्या टेबलांमागे खासदार बसतात, तुझ्या शेजारी आणखी दोघं-तिघं साक्षीदार असतात, बस. प्रश्नांचा रोख काय असेल हे समितीचे कर्मचारी आधी सांगतात. त्यांना मोकळेपणानं विचार, प्रवासखर्चाचंही विचारून घे.

तुझं लेखी निवेदन त्यांच्यापुढे असतंच, तेच वाचून दाखवू नकोस. आकड्यांचीही त्यांना वाण नाही. आपल्या नॉटिंगहॅमच्या प्रसूतिसेवेची डोना ऑकेंडन यांच्या नेतृत्वाखालची चौकशी 2022 पासून चालली, हजारो कुटुंबांचे अनुभव तिच्यात गोळा झाले. तुझ्याजवळ आहे ते वेगळं आहे. रात्री दोन वाजता, इंग्रजी न येणाऱ्या बाळंतिणीला सिझेरियनचा कागद कोण समजावतं? नवरा, नाहीतर सासू. तिला स्वतःला जे विचारायचं असतं ते त्यांच्यासमोर तोंडातून निघत नाही. हे तू वॉर्डात उभं राहून पाहिलंयस. तेच सांग, बाईचं नाव किंवा ओळख पटेल असं काही न सांगता. आणि कोर्टात चालू असलेल्या प्रकरणाला हात लावू नकोस.

मला पंडिता रमाबाई आठवतात. 1882 साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे त्या बोलल्या, मराठीत. वय चोवीस, नवरा त्याच वर्षी गेलेला, मुलगी लहान. आयोग शिक्षणाचा, तरी त्यांनी शिक्षिकांबरोबर स्त्री डॉक्टरही मागितल्या, कारण पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायच्या संकोचानं बायका जीव गमावत होत्या. हंटरसाहेबांनी त्या साक्षीचं इंग्रजी भाषांतर करवून ती वेगळी छापली. मला वाटतं, त्यांनी नुसतं दुःख सांगितलं असतं तर ऐकणारे हळहळले असते आणि उठून गेले असते. त्यांनी दुःखाला मागणी जोडली.

तुझीही मागणी एकच ठेव: संमतीची सही घेताना प्रशिक्षित दुभाषी हवा, रात्रीसुद्धा, निदान फोनवर. पहिल्याच उत्तरात ती येऊ दे, कारण वेळ साक्षीदारांत वाटला जातो आणि शेवटी राखून ठेवलेलं राहूनच जातं. शेजारचा तेच बोलला असेल तर ‘मी सहमत आहे’ म्हण आणि आपलं वेगळं उदाहरण दे. एखादा आकडा माहीत नसला तर ‘लेखी कळवते’ म्हणायला मुळीच लाजू नकोस, पण मग खरंच कळव. कुणी खासदार तिरकस बोलला तर त्याच्या पक्षाकडे बघून उत्तर देऊ नकोस. अहवाल सगळे मिळून लिहितात, तुला सगळेच हवेत.

नंतर बोलण्याची लेखी प्रत तपासायला येईल. तिच्यात ऐकण्यातल्या चुका दुरुस्त करता येतात, म्हणणं बदलता येत नाही. अहवाल आल्यावर सरकारनं साधारण दोन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. त्या उत्तरात दुभाष्याबद्दल काय लिहिलंय ते आपण दोघी मिळून वाचू, आणि काहीच नसेल तर आपल्या खासदाराला पत्र लिहू.