घर थंड राखणें व विजेची काटकसर

अंबरनाथ येथील शिवमंदिर शिलाहारांच्या काळीं, इ. स. १०६० मध्यें, बांधलें गेलें. भर वैशाखांत बाहेर अंगाची लाही होत असतां आंत पाऊल टाकावें, तों जीव निवतो. जाड पाषाणांतून उष्णता आंत उतरण्यास कित्येक तास लागतात, हेंच त्यांतील इंगित. उलट उल्हासनगरांतील वा बदलापुरांतील पत्र्याची खोली पाहा. दिवस वर येतो न येतो तोंच तेथें भट्टी पेटते. यावरून धडा घ्यावयाचा तो हा कीं, घरांत शिरलेली उष्णता घालविण्यास पैसा पडतो. ती शिरूंच न देणें स्वस्त.

१. उष्णता कोठून येते? हीं तिन्हीं नगरें सुमारें १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. म्हणून मेच्या मध्यास भर दुपारीं सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि भिंतींपेक्षां छपरच अधिक तापतें. सकाळीं पूर्वेची व दुपार कलल्यावर पश्चिमेची भिंत तापते. समुद्र दूर असल्यामुळें खाऱ्या वाऱ्यांचा लाभही मुंबईइतका नाहीं.

२. प्रथम काय करावें? छपर झाडून, धुऊन त्यास चुन्याचे किंवा पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो. पावसांत चुना धुपतो, म्हणून दर वर्षीं होळीच्या सुमारास हें काम पुन्हां करावें. अहमदाबाद शहरानें २०१० च्या भयंकर उष्म्यानंतर २०१३ सालीं उष्णतेपासून बचावाची योजना आखली, आणि पुढें गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम हातीं घेतलें. मात्र गच्चीवर माती वा पाणी साठवून भार वाढवूं नये. मे २०२१ मध्यें उल्हासनगरांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं, हें विसरूं नये.

पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून तट्ट्या लावावा. आंतला पडदा ऊन अडवितो खरा, परंतु तोंवर उष्णता कांचेच्या आंत आलेलीच असते. दुपारीं खिडक्या लोटाव्या व रात्रीं समोरासमोरच्या उघडाव्या.

३. विजेचा हिशेब. एक हजार वॅट एक तास वापरले म्हणजे एक युनिट होतें. जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालल्यास महिन्यास २७ युनिटें घेतो. नव्या जातीचा, बीएलडीसी मोटारीचा, ३० वॅटचा पंखा सुमारें ११. येथील महावितरणाच्या घरगुती बिलांत पहिल्या १०० युनिटांचा दर कमी व त्यापुढील चढता असतो. म्हणून शंभरीच्या उंबरठ्यावरील घरास थोडी बचतही मोठी वाटते. दीड हजार वॅटचें वातानुकूलन यंत्र पूर्ण शक्तीनें आठ तास चालल्यास १२ युनिटें जातात. तेवढ्यांत तो नवा पंखा ४०० तास फिरेल. यंत्र असलेंच तर २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. पंखा हवा थंड करीत नाहीं. तो घाम सुकवून अंग निववितो. म्हणून रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा ही निव्वळ उधळपट्टी होय. पाण्याचा कूलर नागपुराकडील कोरड्या हवेंत उत्तम. येथील दमट दिवसांत त्याचा गुण कमी.

४. काटकसरीची मर्यादा. बिलाच्या भीतीनें म्हातारी आई बंद खोलींत पंख्यावांचून निजते, अशीं घरें आहेत. ही काटकसर नव्हे. वृद्ध, तान्हीं मुलें व आजारी यांना घरांतील सर्वांत थंड जागा द्यावी. हवा अतिशय तापल्यावर पंखाही पुरेसा होत नाहीं. तेव्हां ओल्या फडक्यानें अंग पुसावें. कोणी असंबद्ध बोलूं लागला व अंग तापून फणफणलें, तर त्यास सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसल्यास तोंडांत पाणी घालूं नये.

विचारासाठीं प्रश्न: आपल्या घराची कोणती बाजू अधिक तापते? कोणता पंखा उगाच फिरतो? आणि सर्वांत गार कोपऱ्यांत आज कोण बसलें आहे?