भाषेचा पाठ्यक्रम : कशाची यादी, कोणता क्रम?



माझ्या वर्गातल्या एका मुलीला इंग्रजीत 'काळ बदला' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते. पण घरी आजीच्या औषधाच्या बाटलीवरची सूचना काही तिला सांगता आली नाही. चूक तिची की आपल्या आखणीची?

पाठ्यक्रम म्हणजे काय शिकवायचे आणि कोणत्या क्रमाने, याची आखणी. भाषेसाठी तिचे मुख्य प्रकार असे :

१) रचनाधारित : सोप्या वाक्यरचनेकडून कठीण रचनेकडे. शिकवायला आणि तपासायला सोपा. पण नियम पाठ होतात, बोलणे राहून जाते.

२) प्रसंगाधारित : दुकान, दवाखाना, बसस्टँड अशा प्रसंगांची भाषा. प्रसंग बदलला की मूल अडते.

३) कार्यात्मक : विनंती करणे, नकार देणे, माफी मागणे, म्हणजे भाषेने आपण काय करतो ते. डी. ए. विल्किन्स यांच्या १९७६ च्या पुस्तकाने हा विचार रुजवला.

४) कौशल्याधारित : श्रवण, भाषण, वाचन, लेखन यांतील उपकौशल्ये. उदा. उताऱ्यातून नेमकी माहिती शोधणे.

५) कृतिआधारित : इथे यादी भाषेची नसते, कामांची असते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत हा प्रयोग केला. मुलांना वेळापत्रक, नकाशा असे काही द्यायचे. आधी तसेच एक काम शिक्षकाने सगळ्या वर्गासोबत करायचे, मग मुलांनी स्वतः करायचे. उत्तर बरोबर आले का, हे आधी पाहायचे. अर्थाकडे लक्ष असले की व्याकरण आपोआप मुरते, हा त्यामागचा विचार. शंका घेणारेही आहेत : मुले काम उरकतात, पण मोडक्यातोडक्या भाषेत!

मग निवडायचे कोणते? खरे सांगायचे तर कोणताही एकच प्रकार पुरत नाही. पाठ्यपुस्तक आपल्या हातात नसते, पण तास आपलाच असतो. 'आज्ञार्थ' शिकवायचाच आहे ना? मग औषधाची रिकामी खोकी वर्गात आणा. मुलांना विचारा, "गोळी कधी घ्यायची? बाटली कुठे ठेवायची?" उत्तरे मिळाली की मग फळ्यावर नियम मांडा. रचना तीच, वाट वेगळी.

आणि पालकहो, वही कोरी दिसली म्हणून लगेच काळजी करू नका. "आज काय लिहिलं?" याऐवजी "आज इंग्रजीत काय विचारलंस?" असं एकदा विचारून तर बघा.