परिचारकाचे कर्तव्य आणि वैद्याचे दायित्व

भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहेत. उपस्थात्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. आजचा कायदाही हेच मागतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये निकाल दिलेल्या एका प्रकरणात, अपात्र परिचारिकेने शिरेतून दिलेल्या इंजेक्शनामुळे एका बालकाच्या मेंदूस कायमची इजा झाली होती. बालकास साडेबारा लाख व आईवडिलांस पाच लाख रुपयांची भरपाई न्यायालयाने कायम केली. सेवकाच्या प्रमादाचे उत्तर मालकास द्यावे लागते, हे तत्त्व आपल्या पंचकर्म केंद्रांसही लागू आहे.

म्हणून आम्ही पुढील दक्षता सुचवितो. परिचारिका नेमताना तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी तपासावी. बस्ती, विरेचन आदी कर्मांचे द्रव्य, मात्रा व वेळ वैद्याने स्वतः लिहून द्यावी. परिचारकाने केलेले कर्म व दिसलेली लक्षणे वेळेसह नोंदवून स्वाक्षरी करावी. आदेश अस्पष्ट असल्यास विचारणे हे त्याचे कर्तव्यच होय. विचारणाऱ्यावर रागावणारा वैद्य स्वतःचेच अहित करतो.

वत्सनाभ, कुपीलू, भल्लातक ही द्रव्ये औषध नियम १९४५ च्या अनुसूची ई-१ मध्ये अंतर्भूत आहेत. यांचे पोटात घ्यावयाचे कल्प औषधालयचालकांनी वैद्याच्या लेखी सल्ल्याविना देऊ नयेत आणि वेष्टनावरील सावधगिरीची सूचना रुग्णास वाचून दाखवावी. चारांपैकी एक पाद डळमळला, तरी रुग्णाचे हित धोक्यात येते.