बेटावरील बाटलीचा परतीचा प्रवास

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर इ. स. १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. चोहोबाजूंस खारा समुद्र असताना किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. आज मात्र होडीतून उतरणाऱ्या पर्यटकाच्या हाती विकतच्या पाण्याची बाटली असते.

गावातील कचरा गाडीने नेता येतो. बेटावरील कचऱ्याला होडीवाचून परतीची वाट नाही. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद राहतात आणि मागे राहिलेले प्लास्टिक वाऱ्यापावसाने समुद्रात जाते. बाटलीचे प्लास्टिक समुद्राच्या पाण्याहून जड असते. झाकण लावलेली रिकामी बाटली तरंगत किनाऱ्यास लागते, तर उघडी बाटली पाणी भरून तळ गाठते. किल्ल्याभोवतीच्या या तळावर प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य ते हेच.

या कचऱ्याचा भार प्रथम रापणकरांवर पडतो. रापणीचे जाळे किनाऱ्यापर्यंत ओढून आणावयाचे असल्याने मासळीबरोबर पिशव्याही येतात. त्या निवडण्याच्या श्रमाचा मोबदला त्यांना कोणी देत नाही. तुटलेल्या नायलॉन जाळ्यांचा उपद्रव तर याहून गंभीर आहे, कारण त्यांत समुद्री कासवे अडकतात.

विद्यार्थी, मच्छीमार व ग्रामस्थ किनारे स्वच्छ करतात. स्कूबा डायव्हिंग करणारे स्थानिक तरुण समुद्रतळाचीही सफाई करतात. अशा मोहिमांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, ते योग्यच आहे. परंतु भरलेली पोती पुढे कोठे गेली, हे क्वचितच विचारले जाते. याच किनाऱ्यावर दक्षिणेस असलेल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने त्याचे उत्तर शोधले आहे. तेथे कचऱ्याचे वर्गीकरण करून प्लास्टिकचे तुकडे केले जातात व ते रस्त्याच्या डांबरात मिसळले जातात.

राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. पाण्याच्या मोठ्या बाटलीवर ती नाही. म्हणून किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी धक्क्यावरच लक्ष देणे इष्ट ठरेल. होडीत चढताना बाटल्या मोजणे, परतताना तितक्याच आल्या की नाही हे पाहणे आणि धक्क्यावर पिण्याच्या पाण्याची सोय करणे, यास फारसा खर्च येत नाही. होडीवाल्यांशी बोलून हे पावसाळ्यातच, होड्या पुन्हा सुरू होण्यापूर्वी ठरवावे लागेल.