'शी' म्हणण्याआधी : ब्रिटनमधल्या मागे पडलेल्या पदार्थांवरून एक पाठ



आजचा लेख खाण्याविषयी आहे, पण त्याची सुरुवात एका सशापासून झाली. पाचवीच्या वर्गात गोष्टीच्या तासाला मी बिअट्रिक्स पॉटर यांची १९०२ सालची पीटर रॅबिटची गोष्ट मराठीतून सांगत होते. सशाची आई पिल्लांना बजावते की मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका, तिथे तुमच्या बाबांचा पाय झाला. मुलं गोंधळली. "बाई, पाय मोडला का?" मग सांगावं लागलं की हा आपला पाय नाही. पिठाच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजतात, त्या पदार्थाला तिकडे पाय म्हणतात, आणि या पायात सशाचं मटण होतं.

सगळा वर्ग ओरडला, "शीऽऽ! ससा खातात?"

मलाही चेव आला. रक्ताचं सॉसेज, गुरांच्या जठराचे तुकडे, डुकराच्या मुंडीची जेली, एकेक पदार्थ मी तोंड वाकडं करून सांगत गेले. वर्ग हसून लोटपोट. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरची एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्या घरी वजडी करतात. ते पण शी असतं का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. चूक माझी होती. ती सुधारण्यासाठी मी हाच विषय पुन्हा नीट अभ्यासून घेतला. तो पाठ इथे देत आहे.

१. आधी शब्द समजून घेऊ

जनावराचं काळीज, गुर्दे, जठर, जीभ, मुंडी, पाय या सगळ्याला इंग्रजीत मिळून 'ऑफल' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थच 'कापताना खाली पडलेलं' असा आहे. म्हणजे नावातच दुय्यमपणा आला. आपल्याकडे असा एक शब्द रुळलेला नाही. आपल्याकडे प्रत्येक भागाला स्वतःचं नाव आहे : कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी, मुंडी, पाया.

दुसरा शब्द 'गेम'. मुलांना तो खेळ म्हणून माहीत असतो, पण स्वयंपाकात गेम म्हणजे शिकारीचं मांस : ससा, हरीण, फेझंट, ग्राउस वगैरे.

तिसरा शब्द 'पुडिंग'. आपण ते गोडच समजतो. पण ब्लॅक पुडिंग हा रक्ताचा तिखटमिठाचा पदार्थ आहे.

२. कुठल्या भागात काय?

ब्रिटनचा नकाशा फळ्यावर काढून हे पदार्थ त्यावर लिहिले तर भूगोलही होतो.

- लँकेशायर आणि यॉर्कशायर (उत्तर इंग्लंड) : ट्राइप, म्हणजे गुरांचं जठर. कांदा घालून दुधात शिजवायचं किंवा थंडच व्हिनेगर टाकून खायचं.
- बरी (१९७४ पर्यंत लँकेशायरमध्ये असलेलं गाव) : ब्लॅक पुडिंग. डुकराचं रक्त, चरबी आणि ओट किंवा बार्लीसारखं धान्य.
- वेस्ट मिडलंड्स आणि दक्षिण वेल्स : फॅगट. डुकराचं काळीज वगैरे बारीक करून, ब्रेडचा चुरा घालून केलेले मोठे गोळे. सोबत वाटाणे.
- स्कॉटलंड : हॅगिस. मेंढीचं हृदय, काळीज आणि फुफ्फुस, त्यात ओट आणि कांदा, सगळं मेंढीच्या जठरात भरून उकडलेलं.
- पूर्व लंडन : जेलीतली ईल, म्हणजे आपल्या वामसारखा मासा.
- खेडोपाडी सगळीकडे : सशाचा पाय आणि 'जग्ड हेअर', म्हणजे रानससा त्याच्याच रक्ताच्या रश्श्यात मंद शिजवलेला. हाना ग्लास यांच्या १७४७ च्या प्रसिद्ध पाकपुस्तकातही तो आहे.

यातल्या ट्राइपकडे जरा थांबून पाहू, कारण त्याचा विज्ञानाशी थेट संबंध आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या जठराला चार कप्पे असतात हे आपण शिकवतो. ट्राइपचे प्रकार याच कप्प्यांवरून पडतात. पहिल्या कप्प्याचं ट्राइप टॉवेलसारखं खरखरीत, दुसऱ्याचं मधाच्या पोळ्यासारखं षटकोनी जाळीचं, तिसऱ्याचं पुस्तकाच्या पानांसारखं. ज्यांच्या घरी वजडी होते त्या मुलांनी हे हाताने पाहिलेलं असतं. पुस्तकातली आकृती त्यांना इतरांपेक्षा लवकर कळते.

३. मग हे पदार्थ मागे का पडले?

मुलांचं पहिलं उत्तर ठरलेलं : "घाण लागत असतील म्हणून." पण चव तर तीच होती. बदललं ते आजूबाजूचं.

*गिरण्या गेल्या.* लँकेशायरच्या कापडगिरण्यांत बायकाही दिवसभर कामाला असत. ट्राइप स्वच्छ करून, उकडून दुकानात तयार मिळे. घरी नेऊन लगेच खाता येणारं ते स्वस्त अन्न होतं. उत्तर इंग्लंडमध्ये युनायटेड कॅटल प्रॉडक्ट्स या कंपनीची ट्राइपची दुकानं आणि उपाहारगृहं शंभराच्या वर होती. गिरण्या बंद पडत गेल्या, तशी ही दुकानंही गेली.

*रेशनिंग आलं आणि संपलं.* दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, मटणावर रेशन बसलं. काळीज-गुर्द्यासारखे भाग बहुतेक वेळा रेशनबाहेर असत, ससाही रेशनबाहेर. त्यामुळे मिळेल तेव्हा लोक तेच घेत. मटणाचं रेशनिंग ४ जुलै १९५४ ला संपलं. ज्यांनी चौदा वर्षं टंचाई काढली, त्यांना चांगल्या दिवसांत टंचाईची आठवण ताटात नको होती. आपल्याकडे दुष्काळातली मिलो ज्वारी आठवली की आजी-आजोबा जसं तोंड फिरवतात, तसंच हे.

*ससे मेले.* १९५३ मध्ये मिक्झोमॅटोसिस नावाचा सशांचा रोग ब्रिटनमध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक सगळे रानससे मेले. माणसाला तो रोग होत नाही, पण सुजलेल्या डोळ्यांचे मरणारे ससे शेतात पाहिल्यावर सशाचा पाय कोणाच्या घशाखाली उतरणार?

*कोंबडी स्वस्त झाली.* पूर्वी कोंबडी सणावाराची. १९५० नंतर मोठ्या पोल्ट्री आल्या, फ्रीज आले, सुपरमार्केट आली. १९५५ मध्ये फिश फिंगर बाजारात आली. मटण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, हाडाशिवाय, चौकोनी तुकड्यांत मिळू लागलं. त्यात जनावर कुठे दिसेना. मग जिथे जनावर दिसतं, ती जीभ किंवा पाय बघवेनासे झाले.

*मॅड काऊ रोग.* १९८६ मध्ये हा गुरांचा रोग ओळखला गेला. १९८९ मध्ये गुरांचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, आतडी असे काही भाग माणसाच्या खाण्यातून बंद केले गेले. मार्च १९९६ मध्ये सरकारने सांगितलं की माणसाला झालेला एक जीवघेणा आजार बहुधा यातूनच आला. पुढे ब्रिटनमध्ये त्याने पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. जठर बंदीच्या यादीत नव्हतं, पण भीती यादी वाचून येत नाही.

मुलांना इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी. किळस आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८९ ची बंदी अभ्यासातून आली होती, ती योग्यच. "शी" हा अभ्यास नव्हे.

४. हॅगिस टिकलं, ट्राइप का नाही?

हा माझ्या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दोन्ही जनावराच्या आतल्या भागांचे. दोन्ही गरिबाघरचे. उलट हॅगिसमध्ये तर फुफ्फुसही असतं. त्या फुफ्फुसामुळे अमेरिकेत १९७१ पासून अस्सल हॅगिस आयात करता येत नाही. तरीही स्कॉटलंडमध्ये हॅगिस अभिमानाने खाल्लं जातं आणि ट्राइप इंग्लंडमध्ये विनोदाचा विषय झालं.

कारण हॅगिसला मान मिळाला. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७८६ मध्ये हॅगिसवर कविता लिहिली. आजही २५ जानेवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, बॅगपाइपच्या तालावर हॅगिसचं ताट आणतात, कविता म्हणतात आणि मग सुरी लावतात. शाकाहारी लोकांनाही वगळायचं नाही म्हणून आता डाळी-धान्यांचं हॅगिसही मिळतं.

ट्राइपच्या वाट्याला काय आलं? जॉर्ज ऑरवेल यांचं १९३७ चं विगन शहरावरचं पुस्तक एका ट्राइपच्या दुकानावरच्या खोलीपासून सुरू होतं. त्या घराच्या घाणीचं वर्णन इतकं ठसठशीत आहे की वाचणाऱ्याच्या मनात ट्राइप आणि घाण एकमेकांना चिकटून जातात. ऑरवेल यांना गरिबांची दुर्दशाच दाखवायची होती. पण ते बाहेरून आलेले होते. ट्राइप आवडीने खाणाऱ्याने स्वतः लिहिलं असतं तर चित्र वेगळं झालं असतं.

मान परतही येतो. १९९४ मध्ये फर्गस हेंडरसन यांनी लंडनच्या स्मिथफील्ड या मटणबाजाराजवळ सेंट जॉन हे रेस्टॉरंट काढलं. भाजलेल्या नळीतला मगज हा तिथला नावाजलेला पदार्थ. जनावर मारलंच आहे तर नाकापासून शेपटीपर्यंत सगळं वापरणं हीच सभ्यता, असं त्यांचं म्हणणं. जे गरिबाचं होतं ते आता श्रीमंत लोक पैसे मोजून खातात. वस्तू तीच, फक्त ताट बदललं.

५. वर्गात कसं घ्यावं?

१. सुरुवातीला नियम सांगा : "मी खात नाही" म्हणायला हरकत नाही, "शी" म्हणायचं नाही. मांसाहार न करणाऱ्या मुलांनाही हाच नियम संरक्षण देतो. कोणावर खाण्याची सक्ती नाही, कोणाला खाण्याची लाज नाही.

२. एक पदार्थ निवडून तीन प्रश्न विचारा. कोण खात होतं? का खात होतं? का थांबलं?

३. फ्लॉरेन्स व्हाइट या बाईंची गोष्ट सांगा. इंग्लंडच्या जुन्या पाककृती विसरल्या जातायत हे पाहून त्यांनी १९२८ मध्ये एक संस्था काढली, घरोघरच्या लोकांकडून कृती मिळवल्या आणि १९३२ मध्ये पुस्तक केलं. आपल्याकडे शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीवरचं पुस्तक आवर्जून वाचावं. ते शिक्षकांनी स्वतःसाठी वाचावं.

४. मुलांना घरी पाठवा : आजी-आजोबांना विचारून, आता घरात होत नाही असा एक पदार्थ लिहून आणा. शाकाहारी, मांसाहारी कुठलाही चालेल. वर्गात वाचायचा की नाही हे मुलाने ठरवावं. कुणाला जबरदस्तीने उभं करू नये.

५. सूचना : सशाची गोष्ट निघते तेव्हा सांगा की आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशाची शिकार हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये नियम वेगळे आहेत.

पालकांसाठी दोन शब्द

घरात टीव्ही बघताना परदेशातला एखादा पदार्थ दिसला की आपण सहज "ई, काय खातात हे लोक" म्हणून जातो. मूल तेच वाक्य दुसऱ्या दिवशी शाळेत, शेजारी बसलेल्या मित्राला म्हणतं. तिथे मात्र ते परदेशावर पडत नाही, मित्राच्या आईच्या स्वयंपाकावर पडतं.

दुसऱ्यांदा पाठ घेतला तेव्हा ती मुलगी आपणहून उठली. वजडी कशी साफ करतात हे तिने सांगितलं : गरम पाणी, चुना, मग सुरीने खरवडायचं, पुन्हा पुन्हा धुवायचं. "आई दोन तास बसते," ती म्हणाली. मी म्हटलं, लँकेशायरमध्ये असं काम करणारे खास कारागीर होते, त्यांना ट्राइप ड्रेसर म्हणायचे. ती म्हणाली, "म्हणजे माझी आई पण ती आहे."

कोणीही "शी" म्हणालं नाही. तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.